गंगाखेडची जनी

गंगाखेडच्या दमा नावाच्या विठ्ठलभक्ताने आपली लहानगी मुलगी पंढरपूरला दामाशेटी शिंप्याच्या घरी नेऊन सोडली, अशी परंपरेची कथा आहे. गोष्ट तेराव्या शतकातली. कीर्तनकार तीत बापाची भक्ती पाहतात. पोरीला काय वाटले असेल, हे सहसा कोणी विचारीत नाही.

उत्तर जनाबाईच्या नावावरील अभंगांतच आहे. आईबाप मेले, आता तूच सांभाळ, असे ती एकदा विठ्ठलाला विनविते. बाप खरोखर मेला की दूर राहिला, याने त्या वयाच्या मुलीला काय फरक पडणार?

पुढे दळणकांडणात वाढलेल्या या बाईचा देव करतो तरी काय? तिच्याबरोबर जात्यावर बसतो, तिच्या डोईला लोणी चोळतो, उवादेखील काढतो. ही सारी आईची कामे.

त्याच घरात गोणाई आपल्या नामदेवावर रागावे, प्रपंच टाकला म्हणून त्याच्या देवाशीही भांडे. मायेचा हा कडक सूर जनीच्या कानी रोज पडला असणार. पण तो तिच्यासाठी नव्हता. दासीला बोलणी बसतात, ती निराळी.

हीच जनी एका अभंगात विठ्ठलाला अरेतुरे करून सडकून शिव्या देते, आणि तो निमूट ऐकून घेतो.