सत्तावीस विद्यार्थी आणि हेगचे न्यायासन

लिहिलेला इतिहास बहुधा राजे-सेनापतींभोवती फिरतो. कायदा शिकणाऱ्या मूठभर मुलामुलींनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला बोलते केले, ही हकीकत त्यात वेगळी उठून दिसते. म्हणून ती वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

वानुआतू हा प्रशांत महासागरातील सुमारे ऐंशी बेटांचा देश. मार्च २०१५ मध्ये ‘पॅम’ चक्रीवादळाने त्याची दैना केली. जगाच्या कारखान्यांनी व मोटारींनी ओकलेल्या धुरात या बेटांचा वाटा नगण्य; चढत्या समुद्राचे भय मात्र त्यांच्या उंबरठ्यावर. २०१९ साली पोर्ट विला येथे, दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या विधिशाखेतील २७ विद्यार्थ्यांनी वर्गातील चर्चेतून एक मार्ग काढला. हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कर्तव्ये कोणती, हे त्या न्यायालयानेच सांगावे, असे त्यांनी ठरविले.

वाट सोपी नव्हती. तेथे व्यक्तीला दाद मागता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मात्र न्यायालयाचे सल्लारूप मत मागता येते. प्रशांत महासागरातीलच पलाऊ या देशाने २०११ साली तसा प्रयत्न केला होता. तो तडीस गेला नाही. विद्यार्थ्यांनी बेटराष्ट्रांच्या नेत्यांना पत्रे धाडली. वानुआतूच्या शासनाने त्यांचे म्हणणे उचलून धरले.

२९ मार्च २०२३ रोजी आमसभेने सर्वसंमतीने ठराव केला. डिसेंबर २०२४ मधील सुनावणीत ९६ राष्ट्रांनी आपली बाजू मांडली. त्यांत भारतही होता. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले : हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, त्यात कसूर केल्यास आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरू शकतो, आणि भरपाईही द्यावी लागू शकते.

हे मत बंधनकारक नाही. त्याने समुद्रही मागे हटणार नाही. तथापि, दुबळ्या राष्ट्रांना आजवर विनवणी करावी लागे. आता त्यांच्या हाती कायद्याचा आधार आला आहे. त्या तरुणांनी आधी अभ्यास केला, मग वडीलधाऱ्यांचे दार ठोठावले, आणि सहा वर्षे धीर सोडला नाही. वानुआतूतील वडीलधाऱ्यांनी ते दार उघडले, याचेही श्रेय त्यांना द्यायला हवे. आपल्या घरांतील मुले नदीविषयी, पाण्याविषयी, उद्याच्या उन्हाळ्याविषयी प्रश्न घेऊन येतील, तेव्हा आपण त्यांना बसवून घेऊन ऐकणार आहोत काय?