शिवनेरी कधी जिंकला?

मराठी मुलांच्या हाती ऐतिहासिक साहसकथा आली ती मोठ्यांच्या पुस्तकांतून. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ १८९५ पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत राहिली. नाथमाधवांच्या ‘स्वराज्य’ मालिकेने विसाव्या शतकात आणखी पिढ्या वेडावल्या. शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली लुळा झालेला हा लेखक अंथरुणावरून गड चढवत होता. यांतले काहीच खास मुलांसाठी लिहिलेले नव्हते. तरीही कडा, भुयार आणि वेषांतर यांच्या ओढीने किशोरांनी ही पुस्तके आपलीशी केली.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकाची कसोटी मात्र वेगळी असते, कारण कथेतला कडा त्याच्या रोजच्या पाहण्यातला असतो. शिवनेरीला सात दरवाजांची वाट आहे, तशी साखळीचीही आहे. कातळात कोरलेल्या अरुंद पायऱ्या आणि हाताला धरायला लोखंडी साखळी. ती एकदा चढलेल्या मुलाला, मावळे दोन ओळींत माथ्यावर पोहोचले, हे पटत नाही. पाणी कुठले, धान्य किती, हे तो विचारतोच. गंगा-जमुना टाकी आणि अंबरखाना त्याने पाहिलेले असतात.

त्याचा सर्वांत अवघड प्रश्न असतो, महाराजांनी शिवनेरी कधी जिंकला? बहुतेक कथा १९ फेब्रुवारी १६३० च्या पाळण्याशी थांबतात. निजामशाही बुडाली तेव्हा, १६३६ मध्ये, शहाजीराजांना जे किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हा गड गेला. ३० एप्रिल १६५७ च्या रात्री मराठ्यांनी दोरीच्या शिड्या लावून जुन्नर शहराचा तट ओलांडला आणि ३ लाख होन व २०० घोडे नेले. शहर लुटले गेले, पण वरचा गड मोगलांकडेच राहिला. १६७३ मध्ये आलेल्या इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायरने गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा साठा असल्याचे लिहून ठेवले आहे. त्याच दशकात मराठे रात्री कडा चढून गेले, तेव्हा किल्लेदार अब्दुल अझीझखानाने तो हल्ला मोडून काढला. पकडलेल्यांना त्याने सोडून दिले. मी किल्लेदार आहे तोवर गड मिळणार नाही, असा निरोप मात्र त्यांच्याबरोबर धाडला.

किशोरांसाठी कादंबरी लिहिणाऱ्याने हा प्रसंग गाळू नये. हरलेली चढाई मुलांना पेलवत नाही, ही मोठ्यांची समजूत आहे. शत्रूचा किल्लेदारही शूर आणि दिलदार असतो, हे या प्रसंगाइतके सहज दुसरीकडे क्वचितच सांगता येईल.

दर शिवजयंतीला गावोगावची पोरे शिवनेरीवर शिवज्योत पेटवतात आणि पाळीपाळीने पळत ती गावी नेतात. ज्या गडावरून ती निघते, तो महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही.