पॉम्पच्या नावाचा खडक

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, बिलिंग्ज शहराच्या पूर्वेला, यलोस्टोन नदीच्या काठी वालुकाश्माचा एक खडक उभा आहे. उंची सुमारे १५० फूट. भोवती सपाट माळरान, त्यामुळे तो लांबूनच नजरेत भरतो. इथल्या मूळ रहिवाशांनी त्यावर प्राण्यांची चित्रं कोरून ठेवली होती. २५ जुलै १८०६ रोजी कॅप्टन विल्यम क्लार्क या खडकावर चढला आणि त्याने आपलं नाव नि तारीख कोरली. ती अक्षरं आज काचेआड जपून ठेवली आहेत. खडकाला मात्र त्याने नाव दिलं ते आपल्या तुकडीतल्या सर्वांत धाकट्या प्रवाशाचं. त्याचं लाडाचं नाव पॉम्प, वय सतरा महिने.

हे बाळ तोवर प्रशांत महासागर पाहून परतीच्या वाटेला लागलं होतं. त्याला तिथवर नेऊन आणणारी आई होती साकागाविया.

ती शोशोनी जमातीची. साधारण १८०० साली, ती जेमतेम बारा वर्षांची असताना, हिदात्सा टोळीने तिला पळवून शेकडो मैल पूर्वेला, आजच्या नॉर्थ डकोटात नेलं. तिथे तुसाँ शार्बोनो या फ्रेंच-कॅनेडियन व्यापाऱ्याने तिला बायको केलं. १८०४ च्या हिवाळ्यात मेरीवेदर लुईस आणि क्लार्क यांची तुकडी त्याच भागात मुक्कामाला आली. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी त्यांना पश्चिम समुद्रापर्यंतची वाट शोधायला धाडलं होतं. वाटेत रॉकी पर्वत आडवा येणार, तो ओलांडायला घोडे लागणार, आणि घोडे होते शोशोनींकडे. त्यांची भाषा बोलणारी साकागाविया म्हणूनच दुभाषी म्हणून हवी होती. ती तेव्हा गरोदर होती.

११ फेब्रुवारी १८०५ रोजी ती बाळंत झाली. पहिलटकरीण, कळा लांबलेल्या. खुळखुळ्या सापाच्या शेपटीची वेढी कुस्करून पाण्यातून दिली तर लवकर सुटका होते, असं कुणीतरी सुचवलं. लुईसकडे ती होती. दोन वेढी चुरून तिला पाजली आणि दहा मिनिटांच्या आत मुलगा झाला, अशी नोंद त्याने केली. गुण त्या औषधाचाच की काय, याबद्दलची शंकाही लिहून ठेवली. मुलाचं नाव ठेवलं ज्याँ बाप्तिस्त.

आपल्याकडे बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये म्हणतात. ७ एप्रिलला मोहीम निघाली तेव्हा बाळ ५५ दिवसांचं होतं. तेहतीस जणांत एकतीस पुरुष, एक बाई आणि एक अंगावर पिणारं मूल. रोजनिशी लिहिणाऱ्यांनी नद्यांची वळणं, पक्ष्यांची पिसं, अस्वलांची मापं बारकाईने टिपली. बाळाच्या दुधाबद्दल, झोपेबद्दल जवळजवळ काही लिहिलं नाही. त्या मुलखातल्या बायका बाळाला कातड्यात लपेटून पाठीवर घेत आणि पाणकणसाचा मऊ कापूस त्याच्याखाली घालत. ओला झाला की फेकायचा, पुढच्या तळ्यावर नवा भरायचा.

१४ मे रोजी मिसुरी नदीवर अचानक वावटळ उठली. होडीच्या सुकाणूवर शार्बोनो होता. त्याला पोहता येत नव्हतं आणि तो पार गांगरला. होडी कलंडून काठोकाठ पाण्याने भरली. साकागावियाने मात्र वाहून चाललेल्या हलक्या वस्तू एकेक करून पकडून आत घेतल्या. तिचं धैर्य नि निश्चय होडीवरच्या कुणाहीपेक्षा कमी नव्हता, असं लुईसने लिहिलं. आठवडाभरात लुईस आणि क्लार्कने एका नदीला तिचं नाव दिलं.

जूनमध्ये ती स्वतः मरणाच्या दारातून परतली. जेमतेम बरी होते तोच, २९ जूनला मिसुरीच्या मोठ्या धबधब्यांजवळ ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. क्लार्क, शार्बोनो, ती आणि बाळ एका घळीत खडकाच्या आडोशाला थांबले होते. वरून पाण्याचा लोंढा आला. तिने बाळाला उचललं, तोच त्याचं अंथरूण नि कपडे वाहून गेले. क्लार्क एका हाताने बंदूक सावरत दुसऱ्या हाताने तिला वर ढकलत होता. घळीतून वर आल्यावर त्याला घाई होती ती तळावर पोहोचायची, कारण बाळ उघडं होतं आणि आजारातून उठलेली आई भिजून गारठली होती.

ऑगस्टमध्ये शोशोनी भेटले. बोलणी सुरू झाली आणि साकागावियाने त्यांच्या प्रमुखाला ओळखलं. तो तिचा भाऊ कामेआवेट होता. तिने त्याला मिठी मारली, आपलं पांघरूण त्याच्या अंगावर टाकलं आणि ती रडली. मग डोळे पुसत दुभाष्याचं काम पुढे सुरू केलं. घोडे मिळाले. माहेर सापडलेली ही मुलगी तिथेच राहू शकली असती. ती पुढे निघाली.

रॉकी पर्वताच्या पलीकडे मुलूख परका, भाषा परक्या. तिथे तिचा उपयोग वेगळाच झाला. कोलंबिया नदीकाठी एका वस्तीतले लोक या सशस्त्र अनोळखी माणसांना पाहून घरात दडून बसले होते. तिला पाहताच ते बाहेर आले. लढाईला निघालेली टोळी कधी बाई बरोबर घेत नाही, असं क्लार्कने नोंदवलं. शब्दाची ओळख नसताना ती दिसणं हीच शांततेची खूण ठरली.

नोव्हेंबरात समुद्र आला, पण मुक्काम पडला आतल्या बाजूला. जानेवारी १८०६ मध्ये बातमी आली की किनाऱ्यावर प्रचंड देवमासा लागला आहे. क्लार्क चरबी आणायला निघाला. साकागाविया सहसा काही मागत नसे. त्या दिवशी ती हटून बसली. मोठं पाणी पाहायला मी इतक्या लांब आले, आता तो अजस्र मासाही आला आहे, आणि मला दोन्हींपैकी काहीच पाहू देत नाही, हा अन्याय आहे, असं तिचं म्हणणं लुईसने टिपून ठेवलं. तिला नेलं. आजच्या ऑरेगनमधल्या कॅनन बीचजवळ ते पोहोचले तेव्हा माशाचा नुसता सांगाडा उरला होता. क्लार्कने मापला, १०५ फूट. या सगळ्या प्रवासात तिने स्वतःसाठी हट्टाने मागितलेली ही एक गोष्ट, आणि ती होती आश्चर्य डोळ्यांनी पाहण्याची.

परतताना मे महिन्यात बाळ तापाने फणफणलं, गळा सुजला. रानकांद्याची पोटिसं बांधून दोन-अडीच आठवड्यांत ते बरं झालं. जुलैत यलोस्टोनकडे जायची खिंड साकागावियाने क्लार्कला दाखवली आणि त्याच वाटेवर तो खडक लागला. ऑगस्टमध्ये निरोप घेताना क्लार्कने पॉम्पला शिकवायला मागितलं. अंगावरचं दूध सुटलं की वर्षभराने आणू, असं ठरलं. नंतरच्या पत्रात क्लार्क त्याला आपला नाचरा मुलगा म्हणतो. पॉम्प चालायला शिकला तो या वाटेवरच.

पुढे सेंट लुईसमध्ये क्लार्कने त्याला शिकवलं. मोठेपणी तो एका जर्मन राजपुत्राबरोबर युरोपला गेला, सुमारे सहा वर्षं राहिला आणि परत येऊन रानवाटांचा वाटाड्या झाला. १८६६ मध्ये ऑरेगनमध्ये, प्रवासातच त्याचा मृत्यू झाला.

मोहिमेबद्दल शार्बोनोला ५०० डॉलर ३३ सेंट आणि ३२० एकर जमीन मिळाली. साकागावियाला काही मिळालं नाही. तिचा हक्क आम्ही देऊ शकलो त्याहून मोठा होता, हे क्लार्कने १८०६ मध्येच, पॉम्पला नाचरा मुलगा म्हटलेल्या त्याच पत्रात लिहिलं होतं. २००० साली अमेरिकेने एक डॉलरचं सोनेरी नाणं काढलं. त्यावर साकागाविया खांद्यावरून वळून पाहते आहे, आणि तिच्या पाठीवर पॉम्प गाढ झोपलेला आहे.