दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील फुग्याचे साधन : मुंबईतील ‘गौर बलून’चा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास लिहिताना नवे साधन पाश्चात्त्य देशात जन्मास आले, तेथील कंपनीने ते बाजारात आणले आणि कालांतराने ते भारतात पोहोचले, असा क्रम बहुधा गृहीत धरला जातो. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेतील फुग्याच्या साधनांना हा क्रम पूर्णपणे लागू पडत नाही. मूत्रपिंडापर्यंत पाठीच्या बाजूने पोहोचण्यासाठी जगभर वापरले गेलेले एक साधन १९९२ मध्ये मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील मूत्रशल्यविशारद डॉ. डी. डी. गौर यांनी प्रसिद्ध केले. प्रस्तुत लेखात त्या साधनाचा इतिहास आणि जालन्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचे मोल तपासले आहे.

फुग्याची पूर्वपीठिका

शरीरात नळी घालून आत फुगा फुगविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाणारी, मूत्राशयात फुग्याच्या आधाराने टिकून राहणारी नळी १९३० च्या दशकातील होय. पुढे थॉमस फोगार्टी यांनी रबरी हातमोज्याच्या करंगळीचा तुकडा कापून तो मूत्रमार्गासाठी वापरल्या जाणाऱ्या नळीला बांधला आणि रक्तवाहिनीतील गुठळी ओढून काढण्याचे साधन तयार केले. १९६१ मध्ये ते रुग्णावर प्रथम वापरले गेले. १९७७ मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुएंट्झिग यांनी हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद केली. संधिवाताच्या तापामुळे आकुंचित झालेली हृदयाची झडप फुग्याने उघडण्याविषयीचा १९८५ चा प्रसिद्ध निबंध तर अमेरिकन व भारतीय डॉक्टरांनी मिळून लिहिलेला आहे.

या सर्व उदाहरणांत फुगा आधीच अस्तित्वात असलेल्या पोकळीत किंवा नळीत फुगविला जातो. गौर यांच्यासमोरील प्रश्न वेगळा होता. तेथे पोकळीच नव्हती.

पाठीमागची वाट

मूत्रपिंड उदरपोकळीत नसते. ते उदरावरणाच्या मागे, चरबी व सैल ऊतींमध्ये रुतलेले असते. उदरपोकळीत वायू भरला की पोट फुगते आणि दुर्बिणीला जागा मिळते. पाठीमागच्या भागात मात्र वायू भरला तरी चरबी व तंतू त्याला मोकळी वाट देत नाहीत. जर्मनीत बार्टेल यांनी १९६९ मध्ये आणि लंडनमध्ये विकहॅम यांनी १९७९ च्या सुमारास या वाटेने दुर्बीण नेली होती. परंतु अपुऱ्या जागेमुळे पद्धत रुजली नाही. म्हणूनच १९९० मध्ये अमेरिकेत राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीद्वारे पहिले मूत्रपिंड काढले, ते उदरपोकळीतून. त्याच वर्षी मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढून भारतात या शस्त्रक्रियेचा पाया घातला, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

गौर यांनी शस्त्रक्रियेचा रबरी हातमोजा लाल रबरी नळीच्या टोकाला घट्ट बांधला. कुशीत लहानसा छेद घेऊन तो मिटलेल्या अवस्थेत आत सरकविला आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्राच्या रबरी पंपाने त्यात हवा भरली. फुगणारा मोजा उदरावरण पुढे लोटतो, चरबी बाजूला सारतो आणि ऊतींचे थर कापल्याविना वेगळे करतो. काही मिनिटे तो तसाच ठेवल्यास दाबामुळे बारीक रक्तस्राव थांबतो. मग हवा सोडून फुगा काढावयाचा व त्या जागेत वायू भरून दुर्बीण घालावयाची, अशी ही रीत होय. १९९३ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी याच वाटेने मूत्रपिंड काढल्याचे प्रसिद्ध केले. मूत्रवाहिनीतील मुतखडे काढण्याचे निबंधही त्याच सुमाराचे आहेत.

साधनाचे घटक पाहिले तर त्यांत एकही नवीन नाही. शस्त्रक्रियेचा रबरी हातमोजा अमेरिकेत हॉल्स्टेड यांनी १८९० च्या सुमारास रूढ केला, तोही एका परिचारिकेच्या हाताला रसायनाने त्रास होत असे म्हणून. बाहूला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत इटलीच्या रिव्हा-रोची यांची, १८९६ ची. मऊ रबरी नळी फ्रान्सच्या नेलाटाँ यांच्या नावाने ओळखली जाते. कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयात सापडतील अशा या वस्तू होत्या आणि त्या कशा जोडाव्यात हे निबंधात उघडपणे सांगितले होते.

श्रेय, पेटंट आणि किंमत

याच दशकात अमेरिकेत ऊती विलग करणाऱ्या फुग्यांवर पेटंटे घेतली गेली. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी तयार फुगे विक्रीस आले आणि जनरल सर्जिकल इनोव्हेशन्स व ओरिजिन मेडसिस्टिम्स या कंपन्यांत त्यावरून न्यायालयीन वादही झाला. एकदा वापरून टाकून द्यावयाचा तयार फुगा आणि थिएटरमध्ये बांधलेला हातमोजा यांच्या किमतीतील अंतर सांगण्याची गरज नाही. तथापि, तयार फुगा पारदर्शक असतो, आतून दुर्बिणीने पाहता येते आणि त्याचा दर्जा निश्चित असतो. बांधलेला मोजा निसटू वा फाटू शकतो, आणि फाटल्यास प्रत्येक तुकडा शोधून काढावा लागतो. त्यामुळे पाश्चात्त्य शल्यविशारदांनी तयार फुगा पसंत केला, यात केवळ बाजाराचा प्रभाव पाहणे एकांगी ठरेल. पुढे काहींनी नुसत्या बोटाने वा दुर्बिणीच्या टोकानेही पुरेशी जागा करता येते, असे दाखविले. मुतखड्यांपुरते पाहिले तर ध्वनिलहरींचे उपचार आणि मूत्रमार्गातील दुर्बीण यांमुळे या वाटेची गरज बरीच कमी झाली. मूत्रपिंड व अधिवृक्क ग्रंथी काढण्यासाठी मात्र ती टिकून आहे, आणि गौर यांचे नाव परदेशी पाठ्यग्रंथांतही त्या फुग्याला चिकटून राहिले आहे.

जालना जिल्ह्याचा संदर्भ

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. अंबड व घनसावंगी तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. मूत्रपिंडाच्या जुन्या शस्त्रक्रियेत कुशीवर लांब छेद द्यावा लागे, प्रसंगी शेवटची बरगडीही काढली जाई, आणि कित्येक आठवडे ओझे उचलता येत नसे. मोळी वाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ एक हंगाम बुडणे असा होता. लहान छेदाचे मोल मुंबईतील नोकरदारापेक्षा अशा रुग्णाला अधिक. पण ते त्याच्या वाट्याला उशिरा आले. कारण फुगा हा या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त भाग होता. कॅमेरा, प्रकाशयंत्र, वायू भरणारे यंत्र, भूलतज्ज्ञ आणि प्रशिक्षित शल्यविशारद हातमोज्यातून निर्माण होत नाहीत. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘घाटी’, १९५६ पासून या भागाचा आधार राहिले. खुद्द जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२४ साल उजाडावे लागले.