सावलीतला नेचा



"आमच्याकडे ऊनच येत नाही, काय लावू?" हा प्रश्न पनवेलमध्ये आता घरोघरी ऐकू येतो. बैठ्या घरांच्या दोन्ही बाजूंना सात-सात मजले उभे राहिले. तुळस रोडावते, मोगऱ्याला कळी धरत नाही. नर्सरीवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं, "फर्न लावा." फर्न म्हणजे आपला नेचा. आज लावायचं कसं ते सांगतेच, पण आधी त्याची जुनी हकिगत सांगते. ती ऐकल्यावर नेचा कसा लावायचा यापेक्षा तो कुठून आणायचा, हा प्रश्न मोठा वाटू लागतो.

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात, त्यात धुळीसारखे बीजाणू असतात. (पुष्कळजणी ते ठिपके कीड समजून नखाने खरवडून काढतात. राहू द्या, ती कीड नाही.) युरोपात शेकडो वर्षं लोकांना वाटायचं की झाड आहे म्हणजे बी असणारच, आपल्याला दिसत नाही इतकंच. त्यावरून समजूत निघाली की ते अदृश्य बी ज्याच्या खिशात, तो माणूसही अदृश्य होतो. शेक्सपिअरच्या नाटकातही तिचा उल्लेख आहे. जमैकामधल्या जॉन लिंडसे नावाच्या शल्यवैद्याने ही धूळ पेरून त्यातून नेचे उगवून दाखवले, ते 1794 मध्ये छापून आलं. आणि मधल्या अवस्थेचं सगळं कोडं जर्मनीच्या हॉफमाइस्टरने 1851 मध्ये उलगडलं. धुळीतून आधी नखाएवढा हिरवा पापुद्रा होतो आणि त्या पापुद्र्यावर ओल असेल तरच खरा नेचा जन्मतो. ओल नसेल तर गोष्ट तिथेच संपते.

आता लंडनला जाऊ. तिथे नॅथॅनियल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. घर गजबजलेल्या वस्तीत, अंगणात ऊन कमी आणि हवेत कोळशाचा धूर. त्यांनी दगडांचा ढीग रचून त्यावर नेचे लावून पाहिले, ते धुराने मेले. 1829 मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीसकट काचेच्या बाटलीत ठेवून झाकण लावलं. पतंग कधी बाहेर येतो ते त्यांना पाहायचं होतं. त्या मातीत आपोआप एक नेचा आणि थोडं गवत उगवलं. मातीतला ओलावा दिवसा वर जाई, काचेला लागून पुन्हा खाली येई. अंगणात न जगणारा नेचा बंद बाटलीत वर्षानुवर्षं जगला.

या बाटलीचीच पुढे काचेची पेटी झाली. 1833 मध्ये वॉर्डनी अशा दोन पेट्या जहाजाने सिडनीला पाठवल्या, झाडं जिवंत पोहोचली. पेट्या परत आल्या त्या तिकडची झाडं घेऊन. त्याआधी लांबच्या प्रवासात खारं वारं आणि पाण्याची टंचाई यांनी बहुतेक रोपं वाटेतच मरत. रॉबर्ट फॉर्च्यूनने 1848 ते 1851 या काळात चीनमधून चहाची सुमारे 20,000 रोपं हिमालयाच्या पायथ्याच्या बागांमध्ये आणली, तीही याच पेट्यांतून. सकाळच्या चहामागे एक नेचा आहे, हे मला तरी गंमतीचं वाटतं.

पण त्या पेटीने दुसरंही काही केलं. काचेची पेटी दिवाणखान्यात ठेवणं ही इंग्लंडच्या घराघरांतली हौस झाली. कापडावर नेचा, चिनी मातीच्या भांड्यांवर नेचा, थडग्यांच्या दगडांवरसुद्धा नेचा. 1855 मध्ये चार्ल्स किंग्जली या लेखकाने या वेडाला नावच दिलं, 'टेरिडोमेनिया', म्हणजे नेच्यांचं वेड. त्यात त्याने वडीलधाऱ्यांना उद्देशून लिहिलं की तुमच्या मुलींनाही हे वेड लागलेलं असेल, आणि कादंबऱ्या, गप्पा आणि विणकामापेक्षा त्यांना यात जास्त आनंद मिळतो हे मान्य करा. मला ही ओळ महत्त्वाची वाटते. एरवी घराबाहेर एकटं न पडणाऱ्या बायकांना नेचे गोळा करायला डोंगरदऱ्यांत जाता आलं, पुस्तकं वाचून शास्त्रीय नावं ओळखता आली. तेवढ्यापुरतं ते वेड चांगलंच म्हणायचं.

वाईट बाजू अशी की दरीतला नेचा आपल्या पेटीत हवा, म्हणून लोकांनी तो मुळासकट खणला. मागणी वाढली तसे विकणारे आले, टोपल्या भरभरून माल शहरात जाऊ लागला. आयर्लंडमधला किलार्नीचा नेचा, धबधब्याच्या तुषारांत वाढणारा, पारदर्शक पानांचा, इतका खणला गेला की कितीतरी जागांवरून तो नाहीसाच झाला. आणि पेटीत गेलेले सगळे जगले असं थोडंच आहे!

आपल्या आचार्यांनी श्रावकासाठी पंधरा कर्मादानं सांगितली, त्यातलं एक वनकर्म. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात, म्हणजे बाराव्या शतकात, रानातली पानं-फुलं-फळं विकून पोट भरणंही त्यात धरलं आहे. लहानपणी मला वाटायचं की हे लाकूडतोड्यांसाठी आहे, आपल्याला काय त्याचं. किलार्नीची गोष्ट वाचल्यावर कळलं की विकणाऱ्याइतकीच घेणाऱ्याची हौसही तिथे मोजायला हवी.

आपल्या भागाकडे येते. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाहून माथेरानच्या डोंगरावर चढले आणि साहेबांचं थंड हवेचं ठिकाण सुरू झालं. त्याच सुमारास इकडच्या नेच्यांचीही मोजदाद सुरू झाली. दक्षिणेत बेडोम या अधिकाऱ्याने 1863 पासून नेच्यांची चित्रं छापली. मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश बर्डवुड यांनी माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी केली. आणि 1922 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी डी'आल्मेडा यांचं 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक आलं. फादर ब्लॅटरांच्या नावाचा वाळलेल्या वनस्पतींचा संग्रह त्या कॉलेजात आजही आहे.

साहेबांनी याद्या केल्या खऱ्या, पण आपल्याकडे नेच्यांना नावं त्याच्या किती आधीपासून होती! काळ्या चकचकीत देठाचा हंसराज काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळतो. चरकसंहितेत आवाजासाठी, घशासाठी हितकर म्हणून सांगितलेल्या दहा द्रव्यांत हंसपदी आहे, ती याच कुळातली मानतात. दगडाच्या फटीत चिमुकल्या ताडासारखी दिसणारी मयूरशिखा. आंब्याच्या खोडावर, कातळावर चढणारं वांदरबाशिंग. नवऱ्या मुलाच्या कपाळावरचं बाशिंग वानराला कुणी बांधलं असेल, पण नाव अगदी फिट बसतं.

आणि एक नेचा असा की त्याला नाव विचारलं तर पनवेलमधलं कुणी सांगणार नाही, पण पाहिलेला सगळ्यांनी असतो. जुन्या भिंतींच्या चुन्यात, विहिरीच्या आतल्या दगडांत, पाण्याच्या गळक्या पाइपाखाली लांबट पात्यांचा जो नेचा लोंबतो, तो. शास्त्रात त्याला टेरिस विटाटा म्हणतात. त्याला चुना आवडतो. 1852 मध्ये नगरपालिका झालेलं हे गाव, इथले वाडे चुन्यात बांधलेले, घरागणिक आड आणि विहिरी. टेरिस आणि हंसराज दोघांना राहायला याहून चांगली जागा कुठली! कुणी लावलं नाही, कुणी खणलं नाही, वाऱ्याने धूळ आली आणि ओल मिळाली. वाडा पडून इमारत झाली की चुन्याच्या जागी सिमेंट येतं, विहीर बुजते आणि नेचा जातो. त्याची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

आमच्या सासरच्या जुन्या घराची विहीर बुजवायचं ठरलं, तेव्हा मी काठाजवळची हंसराजाची पिकलेली तीन-चार पानं तेवढी कापून घेतली. कागदाच्या पाकिटात दोन दिवस ठेवली, तळाशी तपकिरी धूळ जमली. कोरी भाजकी वीट ताटलीत ठेवून तिच्यावर ती धूळ शिंपडली आणि वर पारदर्शक डबा उपडा घातला. म्हणजे वॉर्डसाहेबांची बाटलीच! पाणी उकळून थंड केलेलं लागतं, नाहीतर बुरशी धरते. आपल्या घरात ते तयारच असतं. तीन-चार आठवड्यांनी विटेवर हिरवी साय आली. एरवी असं हिरवं दिसलं की आपण पायही ठेवत नाही, सासूबाई तर खराटाच शोधत होत्या. साताठ महिन्यांनी त्यातून नखाएवढी पानं वर आली.

एवढा धीर नसेल तर नर्सरीतून घ्या, पण तिथेच वाढवलेलं रोप मागून घ्या. बोस्टन फर्न बहुतेक ठिकाणी मिळतो. 1894 च्या सुमारास अमेरिकेत एका मालात आलेल्या वेगळ्या रोपापासून तो सुरू झाला आणि गड्डा विभागून वाढवला जातो, रानाला धक्का लागत नाही. कर्नाळ्याहून किंवा माथेरानच्या वाटेवरून पिशवीतून नेचा आणणाऱ्या ओळखीतल्या दोघी-तिघी आहेत. कर्नाळा 1968 पासून अभयारण्य आहे, तिथून झाड उचलणं 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय पावसाळ्यात उपटलेला नेचा दिवाळीपर्यंतही टिकत नाही, हे त्यांच्याच कुंड्या सांगतात.

लावताना माती कमी आणि कुजलेला पाला, विटांचे तुकडे, थोडा कोळसा जास्त. हंसराज आणि टेरिसला जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा खडा. कोंब मातीत गाडायचा नाही. इंग्रजी पुस्तकांत 'हार्डी' म्हणजे बर्फ सोसणारा, आपल्याकडे काटक तो जो ऑक्टोबर आणि मे सोसेल. त्या दोन महिन्यांत कुंड्या एकमेकींना चिकटवून भिंतीशी ठेवा आणि फरशी ओली करा. ताटलीत पाणी साठवू नका, डास होतात. पावसात गोगलगाई येतात. औषध न मारता संध्याकाळी पानासकट उचलून बाहेर ठेवायच्या.

आणि रानातला पातळ पानांचा हंसराज पाऊस संपला की वाळून नाहीसा होतो. मेला म्हणून कुंडी रिकामी करू नका. माती जेमतेम दमट ठेवा, खाली गड्डा निजलेला असतो. चातुर्मास बसण्याच्या सुमारास, पहिल्या दोन-तीन सरींनंतर, मातीत तपकिरी वेटोळं दिसेल. मग रोज पाणी सुरू करा.