बेटांवरची धुसफूस

१८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला सशाच्या स्वादुपिंडात पेशींचे इवले पुंजके दिसले. त्यांचे काम काय, हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने प्रबंधात सरळ लिहून टाकले. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी याच ‘लँगरहान्सच्या बेटां’वर राहतात, हे उलगडायला पुढे अनेक दशके गेली.

मधुमेहाने दगावलेल्या मुलांच्या बेटांत दाहाच्या खुणा अधूनमधून सापडत. १९४० मध्ये झुरिकच्या फॉन मायेनबर्ग यांनी त्याला ‘इन्सुलायटिस’ असे नावही दिले. पण तो इतका क्वचित दिसे, की बहुतेकांनी तो मनावर घेतला नाही.

क्वचित का, यातच खरी मेख होती. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले आणि काही महिन्यांत दगावणारी मुले वर्षानुवर्षे जगू लागली. शवविच्छेदनाच्या टेबलावर येऊ लागली ती जुन्या रोग्यांची स्वादुपिंडे. त्यांतल्या बीटा पेशी संपलेल्या, दाहही विझलेला. वैद्यकाच्या एका मोठ्या यशाने रोगाच्या सुरुवातीचा पुरावाच दुर्मीळ केला होता.

ब्रुसेल्सचे विली गेप्ट्स यांनी नेमकी ती सुरुवात शोधली. आजार उघड झाल्यावर थोड्याच काळात मरण पावलेल्या २२ तरुण रोग्यांची स्वादुपिंडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली घातली. १९६५ च्या त्यांच्या निबंधात २२ पैकी १५ जणांच्या बेटांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घुसलेल्या आढळतात. बीटा पेशी उरल्या होत्या नेहमीच्या दहा टक्क्यांहूनही कमी.

चित्र एकसारखे मात्र नसते. एकाच काचपट्टीवर एक बेट पांढऱ्या पेशींनी वेढलेले, शेजारचे धडधाकट, तिसरे केव्हाच ओस पडलेले. ग्लासगोच्या फाउलिस यांनी ब्रिटनमधल्या २५ वर्षांच्या मृत्यूंचे नमुने पाहून १९८६ मध्ये एक नेमकी गोष्ट टिपली: दाह असतो तो बीटा पेशी शिल्लक असलेल्या बेटांत, त्या संपल्या की हल्लेखोरही पांगतात. दरम्यान १९७४ मध्ये लंडनमध्ये बोट्टाझो आणि डोनियाक यांच्या गटाला रोग्यांच्या रक्तात बेटांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा माग लागला होता. हल्लेखोर घरचेच होते.

बहुधा प्रौढपणी जडणाऱ्या टाइप २ मधुमेहाचे प्रकरण वेगळे, तरी दाहापासून तेही सुटले नाही. २००७ मध्ये ७० रोग्यांवर झालेल्या चाचणीत इंटरल्युकिन-१ या दाहकारक रेणूला रोखणाऱ्या औषधाने १३ आठवड्यांत साखरेचे नियंत्रण थोडे सुधारले.

बेटांवरच्या या हल्ल्यातून होणाऱ्या टाइप १ मधुमेहासाठी २०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ‘टेप्लिझुमॅब’ या औषधाला परवानगी मिळाली. ते दिले जाते प्रतिपिंडे सापडलेल्या, साखर बिघडू लागलेल्या, पण अजून रोग उघड न झालेल्या माणसांना. चाचणीत त्याने आजार सुमारे दोन वर्षे लांबवला.