छावणीचा गोठा आणि फ्रीजवाल गाय

१/ १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबादच्या छावणीत हिंदुस्थानातील पहिला लष्करी डेअरी फार्म सुरू झाला. हेतू साधा होता : सैनिकांना स्वच्छ, निर्भेळ दूध मिळावे. पुढे देशभर असे फार्म उभे राहिले. पिंपरीचा मिलिटरी डेअरी फार्म त्यांपैकीच एक. स्वातंत्र्यानंतर ही संख्या १३० फार्म आणि ३०,००० जनावरांपर्यंत पोहोचली. दुधासाठी बांधलेले हेच गोठे पुढे गोसंशोधनाची प्रयोगशाळा झाले.

२/ ते का, हे समजण्यासाठी एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. वंश सुधारायचा तर उत्तम वळू हवा. पण वळू दूध देत नाही. त्याची पारख त्याच्या लेकींच्या दुधावरूनच होते. गाभणकाळ नऊ महिने, कालवड मोठी होऊन विण्यास सुमारे तीन वर्षे, मग वेतभर दुधाची मोजणी. एका वळूचा निकाल हाती येण्यास जवळपास पाच वर्षे जातात.

३/ शिवाय त्या वळूच्या एक-दोन नव्हे, अनेक लेकी हव्यात आणि प्रत्येकीची नियमित नोंद हवी. वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारसारख्या गावी दोन-चार गाई पाळणाऱ्या शेतकऱ्याला हे एकट्याने साधणे अशक्यच. लष्कराकडे मात्र मोठे कळप होते, ठरलेला चारा होता आणि शिस्तीने भरलेल्या नोंदवह्या होत्या.

४/ १९८० च्या दशकात भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि लष्करी फार्म एकत्र आले. होल्स्टीन फ्रिजियन गाय भरपूर दूध देते, पण ती थंड हवेतली; पंजाबची साहिवाल ऊन आणि गोचिडांना पुरून उरणारी. पहिलीचा ६२.५ टक्के आणि दुसरीचा ३७.५ टक्के वारसा असलेली गाय म्हणजे ‘फ्रीजवाल’. उद्दिष्ट होते ३०० दिवसांच्या वेतात ४,००० किलो दूध आणि त्यात ४ टक्के स्निग्धांश. शास्त्रीय बाजू मेरठच्या गोवंश संशोधन संस्थेने सांभाळली.

५/ या भागीदारीचा पाया मात्र लष्कराची दुधाची गरज हाच होता. दूध बाजारात सहज मिळू लागले, तसा तो पाया खचला. लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या समितीच्या शिफारशींनंतर २०१७ मध्ये उरलेले ३९ फार्म बंद करण्याचा निर्णय झाला. ३१ मार्च २०२१ रोजी १३२ वर्षांची ही सेवा संपली. जनावरे सरकारी खाती आणि सहकारी दूधसंस्थांकडे नाममात्र किमतीत गेली. छावणीच्या हिशेबात तो काटकसरीचा निर्णय होता. संशोधनाच्या दृष्टीने अनेक पिढ्यांच्या नोंदी असलेला कळप विखुरला.

६/ तरी वळूची पारख थांबली नाही. त्याच परिषदेच्या योजनेत वळूंच्या लेकींची दूधनोंद थेट शेतकऱ्यांच्या गोठ्यांतही होते; पुण्याजवळील उरुळी कांचनची ‘बायफ’ ही संस्था त्यातील एक केंद्र. एका शेतकऱ्याच्या दोन गाई वळूविषयी फारसे सांगू शकत नाहीत. शेकडो गोठ्यांतील दोन-दोन गाई मात्र सांगू शकतात. छावणीतील नोंदवहीचे काम आता गावच्या गोठ्याकडे आले आहे.